सूक्ष्मकणयुक्त जैव-संवेदक आणि त्यांचा शेतीस उपयोग

रायगड जिल्ह्यातील तळा तालुका हा डोंगरउतारांचा मुलूख आहे. खोलगट जागी भाताची खाचरे, वरकस जमिनीवर नाचणी व वरी, आणि उतारांवर आंबा-काजूच्या बागा अशी येथील शेतीची सर्वसाधारण मांडणी आहे. पाऊस भरपूर आणि हवा दमट असल्याने येथील शेतकऱ्यापुढे काही प्रश्न वर्षानुवर्षे उभे राहतात. मोहोरावर व फळांवर फवारणी झाली. तोडणीच्या वेळी फळावर विष किती उरले? पावसाळ्यात साठवलेली पेंड बुरसली. ती खाणाऱ्या गाईच्या दुधात बुरशीचे विष उतरले काय? लावणीच्या चिखलात आठवडाभर राबलेल्या माणसास ताप भरला; तो साधा, की लेप्टोस्पायरोसिसचा?

या तिन्ही प्रश्नांचे उत्तर डोळ्यांना दिसत नाही, वासाने कळत नाही व अनुभवानेही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तेथून अहवाल येईपर्यंत आंबा विकला गेलेला असतो, दूध मुलांच्या पोटात गेलेले असते व रोगी खालावलेला असतो. परीक्षा बिनचूक असूनही ती उशिरा हाती आल्यास तिचा उपयोग थोडा. ही उणीव भरून काढण्यासाठी शास्त्रज्ञ ज्या साधनाचा अभ्यास करीत आहेत त्यास जैव-संवेदक असे म्हणतात. त्याचे कार्य कसे चालते, ते काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

जैव-संवेदकाची तीन अंगे

जैव-संवेदक हे नाव नवे वाटले तरी हे साधन गावास अनोळखी नाही. मधुमेहाच्या रोग्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर मोजणारे ग्लुकोमीटर हे यंत्र विद्युत्-रासायनिक जैव-संवेदकच होय. अशा प्रत्येक साधनास तीन अंगे असतात.

पहिले अंग ओळखणाऱ्याचे. कळपातील शंभर गुरांमधून गुराखी आपले गुरू अचूक ओळखतो, तसे सजीवांच्या शरीरातील काही पदार्थ असंख्य पदार्थांमधून एकच पदार्थ ओळखतात. अन्नपचनादी क्रिया घडवून आणणारी विकरे, म्हणजे एंझाइमे; रोगजंतूंशी लढण्यासाठी रक्तात तयार होणारे प्रतिपिंड; आणि आनुवंशिक द्रव्याचे तुकडे, ही अशी ओळखणारी द्रव्ये होत.

दुसरे अंग निरोप्याचे. ओळख पटल्यावर जी रासायनिक क्रिया घडते तिच्यात विजेचे अत्यंत सूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, सुटतात किंवा अडतात. कार्बन, सोने किंवा चांदी यांची बारीक पट्टी हा फरक टिपते. या पट्टीस इलेक्ट्रोड किंवा विद्युदग्र असे नाव आहे.

तिसरे अंग मोजणाऱ्याचे. हे लहानसे यंत्र इलेक्ट्रोडमधून आलेला विद्युतप्रवाह मोजून त्याचा आकडा पडद्यावर दाखवते.

ग्लुकोमीटरमध्ये ही तिन्ही अंगे स्पष्ट दिसतात. पुष्कळशा पट्ट्यांच्या टोकास ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर सुकवून बसवलेले असते. हे विकर एका काळ्या बुरशीपासून मिळवतात. रक्त पट्टीत ओढले गेले की विकर त्यातील साखरेवर क्रिया करते, सुटलेले इलेक्ट्रॉन एका मध्यस्थ रसायनामार्फत इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचतात आणि काही सेकंदांत आकडा दिसतो. साखर अधिक तर प्रवाह अधिक, असा हा सरळ हिशेब आहे.

या शोधाचा पाया अमेरिकेत घातला गेला. लेलंड क्लार्क यांनी प्रथम रक्तातील प्राणवायू मोजणारा इलेक्ट्रोड सिद्ध केला आणि १९६२ मध्ये चॅम्प लायन्स यांच्यासह त्याला विकराची जोड देऊन साखर मोजण्याची कल्पना मांडली. १९७५ मध्ये या तत्त्वावरील यंत्र प्रयोगशाळांसाठी बाजारात आले आणि १९८७ मध्ये लेखणीएवढे, घरी वापरण्याजोगे यंत्र निघाले. कल्पनेपासून घरापर्यंतच्या या वाटचालीस पंचवीस वर्षे लागली, ही गोष्ट शेतीसाठीच्या संवेदकांचा विचार करतानाही ध्यानात ठेवावी.

अतिसूक्ष्म कण कशासाठी?

'नॅनो' हा शब्द शेतकऱ्यांच्या कानांवरून गेलेला आहे, कारण नॅनो युरिया या नावाचे द्रवरूप खत २०२१ पासून बाजारात मिळते. प्रस्तुत विषयाचा त्या खताशी संबंध नाही. मापाचा शब्द तेवढा एकच आहे. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. सहा मिलिमीटर लांबीचा तांदळाचा दाणा घेतल्यास त्याची लांबी साठ लाख नॅनोमीटर भरते.

पदार्थ इतका बारीक केल्याने काय साधते, हे जमिनीच्या मापानेच पाहावे. एक सेंटिमीटर लांबी, रुंदी व उंचीचा सोन्याचा ठोकळा घेतला, तर त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्र सहा चौरस सेंटिमीटर होते. त्याचेच एक-एक मिलिमीटरचे हजार ठोकळे केले, तर एकूण क्षेत्र साठ चौरस सेंटिमीटर होते. सोने तेवढेच राहिले, पण उघडे अंग दसपट झाले. हेच तुकडे पुढे दहा नॅनोमीटरपर्यंत बारीक केले, तर एकूण क्षेत्र ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे होते. चिमटीत मावणाऱ्या ठोकळ्यापासून सहा गुंठ्यांचे खाचर तयार व्हावे, असा हा प्रकार आहे. जितके क्षेत्र अधिक तितकी लावणी अधिक. त्याचप्रमाणे इलेक्ट्रोडचे उघडे अंग जितके अधिक तितकी विकरे व प्रतिपिंड त्यावर अधिक बसतात, आणि अत्यल्प पदार्थाचीही चाहूल लागते.

सूक्ष्मकणांचा दुसरा उपयोग वीज वाहून नेण्याचा. १९९१ मध्ये प्रकाशात आलेल्या कार्बनच्या सूक्ष्म नलिका आणि २००४ मध्ये वेगळा करण्यात आलेला ग्राफीन हा कार्बनचा एकेरी पापुद्रा, हे दोन्ही विजेचे उत्तम वाहक आहेत. विकरापासून निघालेला निरोप त्यांच्यामुळे वाटेत न हरवता इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचतो. सोन्याच्या कणांचा तिसरा गुण असा की, त्यांच्यावर विकरे व प्रतिपिंड घट्ट बसवता येतात आणि तरीही त्यांची ओळखण्याची शक्ती बऱ्याच अंशी टिकते.

फळावरील कीटकनाशकाची परीक्षा

सेंद्रिय फॉस्फरसयुक्त आणि कार्बामेट या दोन गटांतील कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेतील ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचे विकर बंद पाडतात. तेच विकर माणसाच्या शरीरातही आहे. म्हणूनच फवारणी करणाऱ्याच्या अंगात ही औषधे शिरली म्हणजे तोंडास लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात आणि श्वास कोंडतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्या घटनेने या औषधांचा धोका साऱ्या महाराष्ट्रापुढे आणला.

संवेदकात याच विकराचा उपयोग केला जातो. विकर इलेक्ट्रोडवर बसवून त्यास त्याचे नेहमीचे खाद्य दिले की ठरावीक प्रवाह मिळतो. नंतर फळाच्या सालीचा अर्क त्यावर सोडतात. अर्कात वरील गटांचे विष असल्यास विकर मंदावते व प्रवाह घटतो. प्रवाह जितका घटला तितके विष अधिक. ग्लुकोमीटरमध्ये आकडा वाढण्याकडे लक्ष ठेवायचे, तर येथे तो घटण्याकडे. कार्बनच्या नलिका व सोन्याचे कण यांवर हे विकर बसवून विषाचे अत्यल्प प्रमाण ओळखल्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत.

मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात वेगळ्या वाटेने काम झाले. मिथिल पॅराथिऑन या विषाचे विघटन करणारे सूक्ष्मजंतू निसर्गात आढळतात. या विघटनातून पिवळा पदार्थ निघतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे जंतू काचतंतूंच्या कागदावर बसवून पिवळ्या रंगावरून विषाचे प्रमाण मोजले गेले. २०११ मधील संशोधनात छापील कार्बन इलेक्ट्रोडवर जंतू बसवून विद्युतप्रवाहावरून ते मोजले गेले. मिथिल पॅराथिऑनवर २०१८ मध्ये भारतात बंदी आली. परंतु विष पचवणाऱ्या जंतूकडूनच विषाची ओळख करून घेण्याची ही रीत अभ्यासण्याजोगी आहे.

आता या परीक्षेची मर्यादा पाहावी. आंब्यावरील तुडतुड्यांसाठी पुष्कळदा पायरेथ्रॉइड किंवा निओनिकोटिनॉइड गटांतील औषधे फवारली जातात. ती वर सांगितलेले विकर बंद पाडत नाहीत. अशा फळाचा अर्क विकराच्या संवेदकावर घातल्यास प्रवाह घटणार नाही. पण त्यावरून फळ निर्विष आहे असे मानणे घातक ठरेल. संवेदकास दोनच गटांविषयी विचारले होते, आणि त्याने त्या दोघांपुरते उत्तर दिले. जैव-संवेदक विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो, हे या संपूर्ण पाठाचे सार होय.

म्हणून असे साधन हाती आले तरी डब्यावरील सूचना पाळण्यास पर्याय नाही. शेवटची फवारणी आणि काढणी यांमध्ये लेबलावर दिलेले दिवस जाऊ द्यावेत. लेबलावरील त्रिकोणाचा रंग पाहावा : तांबडा अत्यंत विषारी, पिवळा अधिक विषारी, निळा मध्यम व हिरवा त्या मानाने सौम्य विषारी असे समजावे. शिफारस नसताना दोन औषधे एकत्र करू नयेत. फवारताना वर सांगितलेली लक्षणे दिसताच काम थांबवावे, औषधाने भिजलेले कपडे काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे आणि रोग्यास डब्यासह तत्काळ दवाखान्यात न्यावे. अशा वेळी कोणत्याही परीक्षेची वाट पाहू नये.

पेंड, बुरशी आणि दूध

दमट हवेत साठवलेल्या शेंगदाणा पेंडीवर व मक्यावर वाढणारी विशिष्ट बुरशी अफ्लाटॉक्सिन बी-१ नावाचे विष तयार करते. हे विष यकृताची हानी करते व कर्करोगास कारण होते. गाईने अशी पेंड खाल्ली म्हणजे त्याचा काही अंश अफ्लाटॉक्सिन एम-१ या रूपाने दुधात उतरतो. दूध उकळल्याने तो नाहीसा होत नाही. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार एक किलो दुधात त्याचे प्रमाण अर्ध्या मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये. अर्धा मायक्रोग्रॅम म्हणजे किती? वीस लाख किलो दुधात एक ग्रॅम, एवढे हे प्रमाण आहे. इतक्या अल्प पदार्थाचा माग काढावयाचा असल्यामुळेच सूक्ष्मकणांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले.

या कामी विकराऐवजी प्रतिपिंड वापरतात. प्रतिपिंडाने विषाचा कण धरला की इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरून वीज जाण्यास होणारा विरोध बदलतो, आणि तो बदल यंत्र मोजते. गोव्यातील बिट्स पिलानी संस्थेच्या केंद्रात चांदीच्या तारेवर प्रतिपिंड बसवून दुधातील एम-१ अशा रीतीने ओळखण्याचे संशोधन झाले असून ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

येथेही तोच नियम लागू आहे. एम-१ साठी केलेला संवेदक दुधात पाणी घातले आहे काय, युरिया मिसळला आहे काय, किंवा गाईस कासदाह झाला आहे काय, यांपैकी काहीही सांगणार नाही. आणि तो मिळेपर्यंत विषाचा उगम थांबवणे शेतकऱ्याच्या हातात आहे. पेंडीची पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. पावसाळ्यात पुरेल तेवढीच पेंड आणावी. बुरसलेली किंवा कुबट वासाची पेंड उन्हात वाळवून वापरू नये. वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, विष जात नाही. दूषित खाद्य बंद केल्यावर काही दिवसांत दुधातील विष उतरते, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट होय.

लावणीच्या दिवसांतील ताप

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, गुरे इत्यादींच्या मूत्रातून पाण्यात व चिखलात येतात आणि पायांवरील जखमा व भेगा यांतून शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे ही त्याची आरंभीची लक्षणे. पुढे कावीळ होते, लघवी कमी होते व प्राणावर बेतते. या जंतूचे आनुवंशिक द्रव्य सोन्याच्या कणांच्या व कार्बनच्या इलेक्ट्रोडवर ओळखण्याचे प्रयोग चालू आहेत. पण ते अद्याप संशोधनाच्याच अवस्थेत आहेत.

सध्याच्या पुष्कळशा झटपट चाचण्या जंतूस न शोधता रोग्याच्या रक्तातील प्रतिपिंडास शोधतात. प्रतिपिंड तयार होण्यास सुमारे आठवडा लागतो. म्हणून तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चाचणीत काही दिसले नाही, तरी रोग नाही असे ठरत नाही. चाचणीने 'प्रतिपिंड आहेत काय?' या प्रश्नाचे उत्तर दिले. 'रोग आहे काय?' हा प्रश्न तिला विचारलेलाच नव्हता. खाचरात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. औषधोपचार केव्हा सुरू करावयाचा हे त्यांनी लक्षणांवरून ठरवावयाचे असते, आणि तो लवकर सुरू होणे हेच जीव वाचवण्याचे मुख्य साधन आहे.

वापरताना घ्यावयाची काळजी

शेतीसाठीचे वरील संवेदक अद्याप मुख्यतः प्रयोगशाळांत आहेत. परंतु ग्लुकोमीटरच्या वापरात आलेला अनुभव पुढे त्या सर्वांस लागू पडेल. म्हणून पुढील गोष्टी आजच अंगवळणी पाडाव्यात.

१. पट्टीवरील विकर हा सजीवांपासून मिळवलेला नाजूक पदार्थ आहे. उष्णता व दमटपणा यांनी तो निकामी होतो. पट्टी काढताच डबीचे झाकण घट्ट लावावे. कोकणच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी चुकीचा आकडा देऊ शकते.

२. मुदत उलटलेली पट्टी वापरू नये व एक पट्टी दोनदा वापरू नये.

३. नमुना स्वच्छ असावा. आंबा किंवा गूळ हाताळलेले बोट न धुता रक्त घेतल्यास बोटावरची साखर रक्तात मिसळते आणि निरोग्याचाही आकडा वाढलेला दिसतो. हात साबण-पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत.

४. आकड्यास सीमा असतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० किंवा त्याहून अधिक साखर असता ग्लुकोमीटरच्या वाचनात शेकडा १५ पर्यंतचा फरक मान्य आहे. म्हणजे खरी साखर २०० असता यंत्र १७० ते २३० मधील कोणताही आकडा दाखवू शकते. रक्तक्षय असलेल्या व्यक्तीत आकडा वाजवीपेक्षा अधिक येण्याचा संभव असतो. म्हणून रोगाचे निदान प्रयोगशाळेतील तपासणीनेच पक्के करावे.

५. नमुना कोणाचा, कोठला, केव्हा घेतला व आकडा किती आला, हे तत्काळ वहीत लिहावे. नोंद नसलेला आकडा निरुपयोगी होय.

गावातील प्रात्यक्षिक

कोणतीही नवी गोष्ट सांगण्यापेक्षा दाखवल्याने लवकर पटते. आंब्याच्या हंगामात ग्रामसभेच्या किंवा महिला मंडळाच्या बैठकीस आरोग्यसेविकेस बोलवावे. राजीखुशीने पुढे आलेल्या एका प्रौढ व्यक्तीचे दोन्ही हात धुऊन कोरडे करावेत. मग एका हाताने आंबा सोलून बोट नुसते पुसावे. दुसरा हात स्वच्छच ठेवावा. दोन्ही बोटांतून आरोग्यसेविकेने, प्रत्येक वेळी नवी सुई व नवी पट्टी वापरून, थेंब घ्यावा. दोन आकड्यांतील तफावत पाहिली म्हणजे नमुना स्वच्छ का हवा, हे कोणासही वेगळे सांगावे लागणार नाही. आंबा सोललेल्या बोटाचा आकडा नोंदवू नये व त्यावरून औषधात बदल करू नये, हे सर्वांस बजावावे.

त्याच बैठकीत वापरात असलेल्या कीटकनाशकांचे डबे समोर ठेवून प्रत्येकाचा गट, त्रिकोणाचा रंग व काढणीपूर्वी थांबावयाचे दिवस यांचे वाचन करावे. कोणते औषध विकराच्या संवेदकास कळेल व कोणते कळणार नाही, याचीही चर्चा घडवावी. तांत्रिक शंकांसाठी रोहे येथील कृषि विज्ञान केंद्राचा किंवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठाचा सल्ला घ्यावा.

उजळणीसाठी प्रश्न

१. जैव-संवेदकाची तीन अंगे कोणती? ग्लुकोमीटरच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. पदार्थाचे वजन न वाढवता त्याचे पृष्ठक्षेत्र कसे वाढते? त्याचा संवेदकास काय लाभ होतो?

३. विकराच्या संवेदकाने फळात विष न दाखवल्यास ते फळ निर्विष समजावे काय? का नाही?

४. बुरसलेली पेंड उन्हात वाळवून गुरांस का देऊ नये?

५. तापाच्या दुसऱ्या दिवशी लेप्टोस्पायरोसिसची चाचणी निर्दोष आली. रोग्याच्या घरच्यांस कोणता सल्ला द्याल?